आजोबांचा सह्यांचा संग्रह विकायचाय, पण सगळा एकगठ्ठा देऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचे आजोबा (वडिलांचे वडील) पुण्यात वसंत व्याख्यानमालेचे स्वयंसेवक होते, येणाऱ्या वक्त्यांच्या सह्या घ्यायचा त्यांना नाद होता. त्यांच्या तीन स्वाक्षरीवह्या, लेखकांशी झालेल्या पत्रव्यवहाराची एक फाइल, भिंतीवर फ्रेममध्ये गांधीजींची सही आणि १९७१ च्या क्रिकेट टीमच्या सह्या असलेली एक बॅट एवढं घरात आहे. आई-बाबा फ्लॅट रिकामा करतायत, बहीण अमेरिकेत असते, आणि एक व्यापारी घरी येऊन सगळ्याचे मिळून सत्तर हजार देतो, या आठवड्यात सांगा, असं बोलून गेलाय. तुम्ही विचारलंय की द्यावं का, का कुठल्या ऑक्शनला पाठवावं.

मी जुनी पत्रं, सह्या, कागदपत्रं यांच्या खरेदी-विक्रीत आणि मूल्यांकनात बरीच वर्षं आहे, म्हणजे मीही व्यापारीच. त्यामुळे एकगठ्ठा भाव देणारा काय विचार करतो ते सांगू शकतो. तो लबाडच असतो असं अजिबात नाही. त्याला त्या ढिगात दोन-तीन गोष्टी ओळखू आलेल्या असतात, त्यांचा भाव तो मनात धरतो, खोट्या निघाल्या तर नुकसान आपलं म्हणून त्यातून वजा करतो, पैसे किती महिने अडकतील ते बघतो आणि मग एक आकडा सांगतो. बाकीच्या दोनशे सह्या त्याच्या हिशोबात फुकट आलेल्या असतात. आता गोम अशी की त्या दोन-तीन गोष्टी कुठल्या ते त्याला माहितीये आणि तुम्हाला माहीत नाही. म्हणून ‘कुठे विकू’ हा तुमचा आजचा प्रश्नच नाहीये. आपल्याकडे नेमकं काय आहे, ते विकायचा हक्क कोणाला आहे, आणि त्यातलं कुठलं सुटं विकायचं नि कुठलं एकत्र ठेवायचं, हे आधी ठरलं की कुठे विकायचं ते बरंचसं आपोआप ठरतं.

हक्काचं आधी बोलतो, कारण भांडणं तिथेच होतात. आजोबांनी मृत्युपत्र केलं होतं का? नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या मिळकतीच्या वस्तूंवर आजी आणि त्यांची सगळी मुलं-मुली यांचा सारखा हक्क येतो. म्हणजे बाबांचा जेवढा वाटा तेवढाच आत्याचा, काका वारले असतील तर त्यांच्या बायको-मुलांचा. आणि बाबा हयात आहेत तोवर तुमचा आणि तुमच्या बहिणीचा त्यात थेट वाटा येतच नाही, हे पुष्कळ लोकांच्या लक्षातच येत नाही, नातवंडंच उत्साहाने विकायला निघतात आणि मग लग्नाकार्यात आत्या बोलत नाही. तर एक साधा कागद करा, त्याला वस्तूंची यादी आणि फोटो जोडा, आजी असतील तर त्यांच्यासकट सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, विकायचा अधिकार कोणाला दिला आणि पैसे कसे वाटायचे ते त्यातच लिहा. कुठलंही बरं ऑक्शन हाउस वस्तू घेताना तुमच्याकडून मालकीचं लेखी मागतंच, तेव्हा पळापळ करण्यापेक्षा आत्ताच करून ठेवलेलं बरं. यादी करताना घरात कोणाला एखादं पान भावनेने हवं असेल तर तेही तेव्हाच बाजूला निघतं.

दुसरं, कृपा करून कशालाही ‘नीट’ करू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको. मला सर्वात जास्त हळहळ वाटते ती याच प्रकाराची, चांगलं पत्र कोणीतरी प्रेमाने, जपायचं म्हणून, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्लॅस्टिकमध्ये गरम दाबून आणलेलं असतं, ते परत काढता येत नाही आणि त्याला जाणकार गिऱ्हाईक हात लावत नाही. फाटलेल्या घडीला सेलोटेप लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. पुसट सहीवरून पेन फिरवू नका. गंजलेली टाचणी सहज निघत असेल तरच काढा, कागद धरून बसली असेल तर राहू द्या. नोंदी करायच्या त्या वेगळ्या कागदावर, मूळ पानावर काही नाही. गांधीजींची फ्रेम ऊन येणाऱ्या भिंतीवर असेल तर आजच उतरवा, पण स्वतः उघडू नका. जुन्या फ्रेममध्ये कधीकधी कागद काचेलाच चिकटलेला असतो, ओढला की शाईसकट सोलून येतो. ते काम कागदाचं जतन करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

आणि वह्यांची पानं सुटी करू नका. याचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण तो व्यापारी किंवा दुसरा कोणी ‘पान फाडून द्या, तेवढ्याचे चांगले पैसे देतो’ असं म्हणणारच आहे. त्या काळच्या स्वाक्षरीवह्या तुम्ही बघितल्यात तशाच असायच्या, आडव्या, छोट्या, गुलाबी-पिवळ्या-हिरव्या पानांच्या. आता एखादं पान उजेडात नीट धरून बघा. फाउंटन पेनने केलेली सही ओली असतानाच आजोबांनी वही मिटली असेल तर समोरच्या पानावर तिचा पुसट उलटा ठसा उमटलेला दिसतो. हा ठसा म्हणजे ही सही याच वहीत, याच जागी झाली याचा पुरावा आहे, असा दाखला कुठलं सर्टिफिकेट देऊ शकत नाही. पान फाडलं की सही एका घरी आणि तिचा पुरावा दुसऱ्या घरी. त्यातून पाठपोट सह्या असतात, पुढच्या बाजूला मोठा कवी आणि मागे त्या वर्षीचे कोणी स्थानिक अध्यक्ष. शिवाय तारखा ओळीने येतात, व्याख्यानमाला दरवर्षी उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये असते, त्यामुळे एका वर्षीचे वक्ते एकापाठोपाठ सापडतात आणि छापील कार्यक्रमपत्रिकेशी ते ताडून बघता येतं. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेल्या व्याख्यानमालेच्या मांडवात एका स्वयंसेवकाने वर्षानुवर्षं जमवलेली वही, हे तिचं खरं मोल आहे. सुट्या पानांची बेरीज एखाद्या वेळी जास्त दिसेलही, तरी माझं मत ठाम आहे की वही अख्खीच विकावी.

आता किंमत कशावर ठरते. लोकांना वाटतं नावावर. नाव लागतंच, पण त्याच्या पुढे बरंच असतं. एकाच लेखकाच्या तीन गोष्टी समोर ठेवल्यात असं समजा: वहीत नुसती सही, वहीत सहीबरोबर चार ओळी आणि तारीख, आणि आजोबांना लिहिलेलं दोन पानी पत्र ज्यात तो नव्या पुस्तकाबद्दल किंवा एखाद्या वादाबद्दल मोकळेपणाने लिहितोय. यात पहिलीला मागणी बेताची, कारण आपल्याकडचे बहुतेक मोठे लेखक-वक्ते सही द्यायला फारसे कुरकुरले नाहीत, हजारो सह्या फिरतायत. दुसरी बरी. तिसऱ्या गोष्टीचा भाव पहिलीच्या अनेक पट असू शकतो, कारण ते पत्र जगात एकच आहे. ‘आपले पत्र मिळाले, आभारी आहे, आपला’ एवढंच असेल तर मात्र तेही सहीच्याच रांगेत बसतं.

पुरवठ्याचा मुद्दा किती मोठा असतो त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे ब्रॅडमन. क्रिकेटमध्ये त्याच्यापेक्षा मोठं नाव नाही, पण तो म्हातारपणीही पत्रं पाठवणाऱ्यांना सह्या करून परत पाठवायचा, त्यामुळे त्याची नुसती सही लोक समजतात तितकी महाग नसते. उलट जो माणूस लवकर गेला, किंवा फार कोणाला सह्या देत नसे, किंवा ज्याचे कागद घरच्यांनी रद्दीत घातले, त्याची सही दुर्मिळ. म्हणून यादी करताना ‘हे कोण बरं’ असं वाटणारी नावं वगळू नका. कोणी इतिहाससंशोधक, शास्त्रज्ञ, जुना समाजसुधारक, ज्याचं नाव आजच्या पोराला माहीत नसतं, तोच एखाद्या संग्राहकाला वर्षानुवर्षं हवा असतो.

खरी का खोटी, याबद्दल. तुमच्या आजोबांनी समोर उभं राहून घेतलेल्या सह्यांना धोका कमी, पण फ्रेम आणि बॅट या बाहेरून आलेल्या असू शकतात, ते आधी बाबांना आणि आत्याला विचारा, कोणी दिली, कधी आली. काही गोष्टी घरीच तपासता येतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. छापील सही असेल तर बारीक ठिपके दिसतात किंवा शाई एकसारखी सपाट दिसते, हाताने केलेल्या सहीत जिथे रेघ रेघेवरून जाते तिथे शाई गडद होते, निबेच्या दोन टोकांच्या दोन कडा दिसतात, कागद किंचित दबलेला असतो. पेनचा काळ बघा: बॉलपेन बाजारात आलं ते दुसरं महायुद्ध संपता संपता, त्यामुळे १९३४ ची म्हणून दाखवलेली सही बॉलपेनने असेल तर विषय तिथेच संपतो. शार्पी मार्कर १९६४ चं, जेल पेन त्याच्याही नंतरचं. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च स्वस्तात मिळते, तिच्याखाली कागद निळा-पांढरा झगमगला तर त्यात उजळवणारी रसायनं आहेत, ती कागदात सर्रास आली १९५० च्या आसपास आणि पुढे. हे सगळं ‘खोटी आहे’ सांगायला उपयोगी पडतं, ‘खरी आहे’ सांगायला एवढं पुरत नाही. तिथे अक्षराची तुलना लागते आणि वस्तूचा घरातला इतिहास लागतो.

हा घरातला इतिहास तुम्ही आत्ताच लिहून काढा असं मी तुम्हाला कळकळीने सांगतो. आजी किंवा आत्या असतील तर त्यांना वही हातात देऊन बोलतं करा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग त्याचा दोन पानांचा मजकूर करून खाली त्यांची सही-तारीख घ्या. आजोबांचा व्याख्यानमालेचा बिल्ला, वक्त्यांबरोबरचे फोटो, निमंत्रणपत्रिका, डायरीतली नोंद, पत्रांची पाकिटं (पाकिटं टाकू नका, पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख आणि गाव असतं), हे सगळं संग्रहाचाच भाग समजून एका जागी ठेवा. फ्लॅट रिकामा करताना हेच आधी रद्दीत जातं आणि नंतर गिऱ्हाईक पहिला प्रश्न याचाच विचारतो.

आता तुमच्या चार गोष्टी वेगवेगळ्या घेतो, कारण चौघींचा रस्ता एक नाही.

गांधीजींची सही. गांधीजी सहीचे पाच रुपये घ्यायचे, हरिजन फंडासाठी, हे प्रसिद्ध आहे. त्यामुळे वहीच्या पानावरच्या त्यांच्या सह्या पुष्कळ आहेत, तरी मागणी जगभर असल्याने चांगला भाव येतो आणि म्हणूनच खोट्याही भरपूर निघतात. इंग्रजीत ‘एम. के. गांधी’, देवनागरीत ‘मो. क. गांधी’, जवळच्यांना लिहिलेल्या पत्राखाली ‘बापूके आशीर्वाद’ किंवा नुसतं ‘बापू’, असं वेगवेगळं सापडतं. छापील फोटोवर छापील सही असेल, अशा तसबिरी घरोघरी लागलेल्या होत्या, तर ती फक्त आठवण म्हणून ठेवायची वस्तू. शाईची सही असेल आणि तारीख-जागा-कारण काही सांगता येत असेल तर तुमच्या संग्रहातली ही पहिली वस्तू जी सुटी, जाणकाराचं लेखी मत घेऊन, ऑक्शनला द्यावी. आजोबांनी स्वतः पाच रुपये देऊन घेतली असेल आणि त्याची कुठे नोंद असेल तर विचारूच नका.

बॅट. ऑगस्ट १९७१ ला ओव्हलवर वाडेकरच्या टीमने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा सिरीज जिंकली, त्यामुळे त्या टीमला भावनिक किंमत आहेच. बघायचं असं की सह्या शाईच्या आहेत का छापील. सगळ्या टीमच्या छापील सह्यांच्या लहान बॅटा आठवण म्हणून विकल्या जायच्या. शाईच्या असतील तर नावं मोजा, दौऱ्यावरची सगळी टीम आहे का अर्धी, आणि सगळ्यांचं वळण एकाच हाताचं तर नाही ना, कारण टीमतर्फे एखादाच जण सगळ्यांच्या सह्या ठोकून द्यायचा हा प्रकार क्रिकेटमध्ये सगळीकडे चालत आलेला आहे. बॅटला तेल-पॉलिश करू नका. हिचं गिऱ्हाईक वेगळं, क्रिकेटच्या वस्तू जमवणारे लोक, ते मराठी लेखकांच्या वहीकडे बघणार नाहीत. पुण्यातच ब्लेड्स ऑफ ग्लोरी नावाचं क्रिकेटचं म्युझियम आहे, तिथे एकदा जाऊन या, विकायला म्हणून नव्हे, सह्यांच्या खऱ्या बॅटा जवळून कशा दिसतात ते डोळ्यांत बसायला.

वह्या. याबद्दल वर बोललोच. मराठी लेखक-वक्त्यांच्या वह्यांचं गिऱ्हाईक महाराष्ट्रातच आहे, फार तर बाहेरगावी गेलेले मराठी लोक. मुंबईतली मोठी ऑक्शन हाउसेस, सॅफ्रनआर्ट, पुंडोल्स, अस्तागुरू, ही मुख्यतः चित्रं आणि कलावस्तूंची, नाणी-नोटा-तिकिटांसाठी टोडीवाला आहे. कागदपत्रं आणि सह्या तिथे अधूनमधून येतात, पण मोठ्या राष्ट्रीय नावांच्या. तुमच्या वह्यांत नेहरू, आंबेडकर, सावरकर अशांपैकी कोणी असेल तर त्यांना फोटो पाठवून विचारा, उत्तर फुकट मिळतं. नसेल तर ओळखीतून एखादा गंभीर संग्राहक शोधणं जास्त बरं, पुण्या-मुंबईत असे लोक आहेत, जुन्या पुस्तकांचे चांगले दुकानदार त्यांना ओळखतात. जुन्या बाजारात किंवा चोर बाजारात नेऊन भाव विचारू नका, तिथे एकदा वस्तू फिरली की तिच्याबद्दल चार जणांत बोलणं होऊन भाव तिथेच ठरून बसतो.

पत्रांची फाइल. माझा जीव याच्यात जास्त आहे. एका माणसाने अनेक वर्षं केलेला पत्रव्यवहार एकत्र असतो तेव्हा त्यातून काहीतरी समजतं, सुटा केला की उरतात नुसते कागद. मोठ्या पातळीवरचं उदाहरण बघा, गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र हर्मन कॅलनबाख यांच्या घराण्याकडचा पत्रसंग्रह २०१२ मध्ये लंडनला सदबीजच्या ऑक्शनला लागायच्या आधीच भारत सरकारने अख्खा विकत घेतला. तुमची फाइल त्या तोलाची आहे असं म्हणत नाही, पण तर्क तोच. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. विकत घेणाऱ्याला ‘छापा खुशाल’ असं लिहून देऊ नका, तो हक्क तुमच्याकडे नाही. हयात माणसांबद्दल किंवा त्यांच्या घरच्यांबद्दल खासगी काही लिहिलेलं असेल तर ती पत्रं काढून आधी घरात बोला. फाइलीला खरेदीदार नाही मिळाला तर संस्थेला द्यायचा विचार करा, महाराष्ट्र साहित्य परिषद, भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ज्याच्या विषयात बसेल तिथे. देताना लेखी अटी घाला: आजोबांच्या नावाने एकत्र ठेवायचं, यादी करायची, अभ्यासकांना बघू द्यायचं, आणि तुम्हाला पूर्ण स्कॅन मिळायचं. संस्थेकडे आज जागा आणि माणूस आहे का ते प्रत्यक्ष जाऊन बघूनच द्या.

ऑक्शनला द्यायचं ठरलं तर करार वाचताना हे बघा. विक्रेत्याकडून कमिशन किती, ते बोलून कमी होतं, वस्तू चांगली असेल तर नक्कीच होतं. फोटो, विमा, वाहतूक, तपासणी याचे वेगळे पैसे लावतात का. राखीव किंमत किती, म्हणजे ज्याच्या खाली वस्तू द्यायचीच नाही. विकली नाही तर परत न्यायचा खर्च कोणाचा. पैसे किती दिवसांत. आणि पेपरात जो आकडा छापून येतो त्यात खरेदीदाराने बोलीवर हाउसला वेगळा दिलेला प्रीमियम धरलेला असतो, तो तुम्हाला मिळत नाही, तुमचा हिशोब हातोडा पडला त्या, म्हणजे शेवटच्या बोलीच्या, आकड्यातून कमिशन वजा करून. राखीव किंमत हट्टाने फार वर ठेवू नका. न विकली गेलेली वस्तू कॅटलॉगमध्ये सगळ्यांनी पाहिलेली असते, पुढच्या खेपेला लोक विचारतात हिच्यात काय खोट होती. भावाचा अंदाज घ्यायचा तर जुन्या ऑक्शनचे विकले गेलेले आकडे बघा, ऑनलाइन कोणी काय किंमत लावून बसलाय ते नाही, मागायला काय कोणीही काहीही मागतो.

बहिणीबद्दल महत्त्वाचं. ‘बहीण अमेरिकेला घेऊन जाईल, तिकडे जास्त भाव येईल’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय. हे करू नका. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यात पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाचे कागद आणि हस्तलिखितं पुरावशेष धरली जातात आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. गांधीजींची सही यात सरळ बसू शकते, वहीची चाळीसच्या दशकातली पानंही. सूटकेसमध्ये घातली काय, कुरियरने इंग्लंडच्या ऑक्शनला पाठवली काय, गुन्हा तोच आणि शिक्षा किमान सहा महिने तुरुंगवासाची आहे. देशात विकायला तुम्हाला अडचण नाही. १९७१ ची बॅट नवी, तीही बाहेर न्यायची वेळ आलीच तर पुरातत्त्व खात्याचा ‘पुरावशेष नाही’ असा दाखला काढून न्या, विमानतळावर वाद नको.

टॅक्सचं तुमच्या सीएला विचारा, वारशाने वस्तू मिळण्यावर काही नसतं पण विकल्यावर नफ्यावर लागू शकतं, आणि आजोबांच्या वेळच्या वस्तूला १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ खर्च म्हणून धरता येते, तेव्हा मूल्यांकनाचा कागद जपून ठेवा. पैसे बँकेतूनच घ्या, एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्यानेच बंद आहे.

राहिला तो व्यापारी. त्याला नाही म्हणून तोडू नका. फोन करून सांगा, घरात बरेच वारस आहेत, यादी चालू आहे, दोन महिने लागतील, तोपर्यंत तुम्ही असं करा की एकूण आकड्याऐवजी गांधीजींची सही, बॅट, तीन वह्या आणि फाइल, प्रत्येकाचा वेगळा भाव लेखी द्या. देईल तर त्याच्या आकड्यांवरूनच तुम्हाला कळेल की त्याची नजर कशावर आहे, आणि त्यातल्या एखाद्या गोष्टीला त्याचाच भाव सर्वात चांगला निघाला तर ती त्याला खुशाल द्या. नाही दिला, किंवा ‘आज नाही तर कधीच नाही’ म्हणाला, तर निर्धास्त राहा, पंचाहत्तर वर्षं थांबलेल्या कागदाला दोन महिन्यांनी काही होत नाही. तोवर सगळं बाबांच्या नव्या घरात कोरड्या कपाटात, जमिनीपासून वर, कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा उघडून बघत ठेवा. यादी झाली की नावं आणि वहीतल्या चार-पाच पानांचे फोटो इथे टाका, घरचा पत्ता किंवा खासगी मजकूर दिसणार नाही असे, मी आणि इथले बाकीचे जाणकार बघून सांगू.